खड्गनाथाची तहान

कोरवती नदी डोंगर सोडून सपाटीला लागते तिथे, अलीकडच्या काठावर वाघझिरा नावाचे गाव होते. त्या गावाबाहेर एका जुन्या उंबराखाली श्रीकंबळनाथ महाराज येऊन राहिले. अंगावर एकच काळे कांबळे, हिवाळ्यात तेच आणि उन्हाळ्यातही तेच, म्हणून लोक त्यांना कंबळनाथ म्हणू लागले. भाविकहो, महाराजांच्या पुष्कळ कथा ऐकून आपले मन सुखावते. आजची कथा तशी नाही. हिच्यात चमत्कार आहे, पण तो उशिरा घडला, आणि त्या उशिराची खंत महाराजांनीही शेवटपर्यंत बाळगली, असे त्यांच्याजवळ ऊठबस असलेले लोक सांगत.

महाराजांच्या कितीतरी आधीचा काळ निराळा होता. तेव्हा मंत्र अजून बोलत. चिमूटभर भस्म फुंकून वारा अडवणारे जोगी होते, पाण्यावर आसन मांडून बसणारे होते. त्या सगळ्यांत ज्याच्या नावाचा दरारा सर्वांत मोठा, तो खड्गनाथ. तो जोगी होता आणि योद्धाही होता. हातात खड्ग, कमरेला भस्माची तांब्याची डबी. त्याने हाक मारली की डोंगरातले धोंडे उठून त्याच्यामागे चालत, आणि त्याचा हात नुसता डबीकडे गेला तरी समोरचे सैन्य शस्त्रे टाकून पळे. वाघझिऱ्याच्या वर जो उघडा डोंगर होता, त्याच्या माथ्यावर या खड्गनाथाची समाधी होती.

समाधीची हकीकत अशी. कोरवतीच्या पाण्यावरून वाघझिरा आणि पलीकडच्या काठावरची पैलवाडी यांच्यात जुने वैर होते. एकदा मोठी लढाई जुंपली आणि वाघझिरा हरणार असे दिसू लागले, तेव्हा खड्गनाथाने डबी उघडून अग्न्यस्त्र सोडले. ते नदी ओलांडून गेले आणि पैलवाडी जळाली. लढणारे पुरुष त्या वेळी नदीवर होते. वाडीत होती ती म्हातारी माणसे, बायका आणि पोरे. पाठीमागचा धूर पाहून पैलवाडीच्या पुरुषांनी हातातली शस्त्रे खाली टाकली, आणि इकडे विजयाचे नगारे वाजू लागले.

खड्गनाथ मात्र एकटाच पलीकडे गेला. राखेतून फिरला. परत आल्यावर तो गावात थांबला नाही. डोंगर चढून माथ्यावरच्या गुहेत गेला आणि त्याने तिथे जिवंत समाधी घेतली. उरलेले भस्म त्याने स्वतःबरोबर नेले. जाण्यापूर्वी त्याने डोंगरातला एक पुरुषभर उंचीचा धोंडा हाक मारून बोलावला आणि गुहेच्या दाराशी उभा केला. लोक त्याला शिळावीर म्हणत. त्याला आज्ञा एवढीच होती की, ज्याच्या हातात शस्त्र असेल किंवा मनात या अस्त्राचा लोभ असेल, त्याला आत सोडायचे नाही.

पुढच्या पिढ्यांनी लढाई लक्षात ठेवली. राखेतून परतलेला माणूस कोणाला आठवला नाही. समाधीवर पहारा बसला, रक्षकाचे पद एका घराण्याकडे वंशपरंपरेने चालू लागले, आणि दरवर्षी डोंगरावर विजयाचा उत्सव होऊ लागला. भाले उंच करून खड्गनाथाच्या नावाचा घोष होई. शिळावीराच्या पलीकडे पाऊल टाकण्याचे धाडस मात्र कोणी केले नाही.

महाराजांच्या काळी हे पद सरदार हैबतरावांकडे होते. हैबतराव वाईट माणूस नव्हते. दरोडेखोरांशी लढताना त्यांनी छातीवर वार झेलले होते. आईवडील लवकर गेले, तेव्हा धाकट्या भावाला, रंगोजीला, त्यांनी स्वतःच्या हाताने भरवून वाढवले होते. पण खड्गनाथाच्या समाधीचे आपण धनी आहोत, हा गर्व त्यांच्या अंगात मुरला होता. पैलवाडीच्या माणसाशी बोलताना ते घोड्यावरून उतरत नसत.

या पैलवाडीत धुरपाबाई नावाची एक विधवा शेळ्या राखून राहत होती. वाडी जळाली त्या दिवशी तिची पणजी शेळ्या घेऊन रानात होती, म्हणून त्या घराचा वंश राहिला. एके वर्षी उत्सव चालू असताना धुरपाबाई नदी ओलांडून उंबराखाली आली आणि महाराजांसमोर बसली.

"महाराज, ह्ये ढोल आमच्या वाडीपर्यंत ऐकू येतात," ती म्हणाली. "दरसाली ऐकते आन् दरसाली माझ्या पोटात आग पडते. मी कुणाचं वाकडं करत न्हाई, पर ही आग काही जात न्हाई. काय करू?"

महाराजांनी डोंगराच्या माथ्याकडे पाहिले. मग म्हणाले, "बाय, वर जो बसला आहे ना, त्याच्याही पोटात तीच आग आहे. आपण काय केलं ते त्याला ठाऊक आहे. तुझ्या वाडीच्या विहिरीचं पाणी त्याला घालत जा."

"आमची माणसं जाळली त्यानं. आन् मी त्याला पानी पाजू?"

"मी आज्ञा केली नाही," महाराज म्हणाले. "तू विचारलंस म्हणून सांगितलं."

ती उठून निघून गेली. कितीतरी दिवस ती या काठाला फिरकली नाही. मग एका सकाळी डोक्यावर एक लहान घागर घेऊन ती उंबरापाशी आली, महाराजांना लांबूनच नमस्कार केला आणि डोंगर चढू लागली. त्या दिवसापासून तिने तो नेम धरला. पहारेकरी तिला गुहेजवळ जाऊ देत नसत. ती बाहेरच्या पायरीवर पाणी ओती, हात जोडी आणि उतरून जाई.

हैबतरावांनी तिला प्रथम पाहिले तेव्हा ते मोठ्याने हसले. "काय गं, दगडाला तहान लागते होय?"

"मला ठावं न्हाई, सरकार. महाराज म्हनले, लागलीया. म्हनून आनते."

"खड्गनाथाला पैलवाडीचं पाणी!" हैबतराव पहारेकऱ्यांकडे वळून म्हणाले. "उद्या माशी येऊन गरुडाला भरवील." त्यांनी तिच्या हातातली घागर घ्यायला लावली आणि आपल्या घोड्यापुढे धरायला सांगितली. घोडा पाणी प्यायला. पहारेकरी हसत होते. रंगोजी तेवढा हसला नाही. त्याने रिकामी घागर स्वतः उचलून धुरपाबाईच्या हातात दिली. "उद्या दादा नसताना या," एवढेच तो हळू आवाजात म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली.

पुढच्या वर्षी पावसाने पाठ फिरवली. उन्हाळ्यात कोरवतीचे पात्र वाळूचे झाले. पैलवाडीच्या विहिरींनी तळ गाठला. वाघझिऱ्याच्या कड्याखाली एक खोल डोह होता, तेवढाच भरलेला राहिला, आणि त्यावर हैबतरावांचा पहारा होता. वाडीच्या विहिरीत खडकातून झिरपणारे पाणी वाटून घ्यावे लागे. धुरपाबाई आपल्या वाट्यातले अर्धे पाणी डोंगरावर नेई. तिच्याच वाडीतल्या बायका तिच्यावर संतापल्या. "पोरांचे ओठ फुटलेत आणि तू त्या राक्षसाच्या दगडावर पाणी सांडतीस," असे त्या तिला तोंडावर म्हणत. ती घागर उचलून निघे. आपण शहाणपणा करतो की वेडेपणा, हे तिचे तिलाही कळत नव्हते.

शेवटी पैलवाडीचे लोक हंडे-कळशा घेऊन डोहाशी आले. "पोरांपुरतं पाणी द्या, सरदार," त्यांचा म्हातारा पाटील म्हणाला. हैबतराव घोड्यावर बसूनच म्हणाले, "ही जिंकलेली नदी आहे. पाणी हवं तर तुमच्या पूर्वजांकडे मागा." लोक हटले नाहीत. वाळूतच बसून राहिले. दुसऱ्या दिवशी आणखी लोक आले, काहींच्या हातात काठ्या होत्या. रेटारेटीत कोणीतरी दगड भिरकावला आणि एका पहारेकऱ्याचे कपाळ फुटले. हैबतरावांना वाटले, हा आता हल्लाच झाला. त्याच दुपारी काही निवडक माणसे आणि रंगोजीला घेऊन ते डोंगराकडे निघाले. वाटेत उंबर लागला, तेव्हा आशीर्वाद घ्यावा म्हणून थांबले.

"महाराज, खड्गनाथांची डबी बाहेर काढतो आहे," ते म्हणाले. "जाळायचं कोणालाच नाही. डोहाच्या काठावर उभा राहून नुसती दाखवीन. तिचं नाव ऐकलं तरी ते पळतील."

"त्यानेही आधी नुसती दाखवायचीच म्हणून कमरेला बांधली होती," महाराज म्हणाले. "हैबतराव, त्या डबीत विजय नाही. तो तिला घेऊन इतकी वर्षं तहानेला बसला आहे. पाणी अडवलंय ते सोडा. एवढी माणसं पाण्यासाठी बसली आहेत, राज्यासाठी नाहीत."

हैबतराव हसले. "तुम्हाला आणि त्या शेळ्यावालीला एकच स्वप्न पडतं, महाराज." त्यांनी घोड्याला टाच मारली. रंगोजी मागे राहिला होता. तो खाली उतरून महाराजांच्या पाया पडला आणि भावामागे गेला.

महाराज उंबराखालीच बसून राहिले. शिळावीर हैबतरावांना आत सोडणार नाही, हे त्यांना ठाऊक होते. दारावरून परत यावे लागले की यांचा ताठा आपोआप उतरेल आणि मग डोहावरही बोलता येईल, असा त्यांनी विचार केला. भाविकहो, संतांना सगळे कळते असे आपण म्हणतो. महाराज स्वतः तसे कधी म्हणत नसत.

वर गुहेसमोर हैबतराव भावाला म्हणाले, "रंगोजी, तू आत जा. तिथं तांब्याची एक डबी असेल. ती उचलून आण. उघडू नकोस."

"मी, दादा? शिळावीर सोडेल?"

"तुझ्या हातात शस्त्र नाही. आणि तुला ती डबी हवी आहे का?"

"नको आहे," रंगोजी म्हणाला. "खरं सांगू का, दादा? त्यांना पाणी देऊन टाकलं असतं तर बरं झालं असतं."

"ते मग पाहू. मी सांगतो म्हणून जा."

"तुम्ही सांगता तर जातो," रंगोजी म्हणाला. त्याने कमरेची कट्यार काढून ठेवली. समाधीत जायचे म्हणून जोडेही काढले. मग तो रिकाम्या हातांनी दाराशी गेला. आजवर कोणी न पाहिलेली गोष्ट तेव्हा घडली. दगडावर दगड घासल्याचा आवाज झाला आणि शिळावीर बाजूला सरकला. माणसांनी आनंदाने आरोळी ठोकली. हैबतरावांच्या डोळ्यांत अभिमान मावत नव्हता.

थोड्या वेळाने रंगोजी दोन्ही हातांत डबी धरून, देवाचा प्रसाद आणावा तसा बाहेर आला. त्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकले मात्र, आणि तांबे लाल होऊ लागले. बोटांच्या फटींतून ज्वाळा निघाल्या. दोन-चार ठिणग्या वाळक्या गवतावर पडल्या आणि गवत पेटले.

"टाकून दे!" हैबतराव ओरडले. "रंगोजी, खाली फेक ती!"

समोर उतार होता आणि उताराच्या तळाशी वाघझिऱ्याची घरे होती. रंगोजीने खाली पाहिले. मग भावाकडे पाहिले. डबी छातीशी घट्ट धरून तो वळला आणि धावत पुन्हा गुहेत शिरला. त्याच्यामागे शिळावीर दारात आडवा झाला, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी आगीचे लोळ बाहेर येऊ लागले. हैबतराव तलवार उपसून धावले. शिळावीराने त्यांना एखादी वाळकी फांदी फेकावी तसे मागे फेकले. त्यांची मांडी मोडली. बरोबरची माणसे वाट फुटेल तिकडे पळाली. हैबतराव खडकावर पडल्या पडल्या भावाच्या नावाने हाका मारत राहिले.

खाली एका पहारेकऱ्याने धावत येऊन महाराजांना सांगितले, की रंगोजीराव रिकाम्या हाताने गेले, दार उघडले आणि आता ते आत जाळात आहेत. ऐकताच महाराज उठले. त्यांना धावताना त्या दिवसाआधी कोणी पाहिले नव्हते. ते अर्ध्या डोंगरावर पोचले तेव्हा त्यांना धुरपाबाई दिसली. नेहमीची घागर डोक्यावर घेऊन ती मागच्या वाटेने आली होती आणि वरचा जाळ पाहून जागच्या जागी थिजली होती. दोघे मिळून माथ्यावर आले.

"आत माणूस हाय?" तिने विचारले.

"रंगोजी आहे."

"घागर मला परत देनारा?"

"तोच. बाय, मी तुला आत जा म्हणणार नाही. तुझी वाडी ज्याने जाळली, त्याच्या घरची ही आग आहे. आणि मला ती विझवता येत नाही. ती फक्त तुझ्या घागरीतल्या पाण्याला ओळखेल."

धुरपाबाईने एकदा खाली पाहिले. नदीपलीकडे तिची वाडी दिसत होती. तिने पदर कमरेला खोचला. महाराजांनी अंगावरचे कांबळे काढून तिच्या डोक्यावरून पांघरले आणि ती चालू लागली. शिळावीर तिच्यासाठी बाजूला झाला. ज्वाळा कांबळ्याला लागत होत्या, पण त्याचा एक केसही करपला नाही.

आत काय घडले, ते धुरपाबाईने नंतर सांगितले तेवढेच आपल्याला ठाऊक आहे. समाधीचा चौथरा निखाऱ्यासारखा झाला होता. रंगोजी जमिनीवर पालथा होता. आग बाहेर जाऊ नये म्हणून त्याने डबी अंगाखाली दाबून धरली होती. त्याच्यात अजून धुगधुगी होती. त्याने पाणी मागितले. ते पाणी समाधीसाठी होते आणि घागर तर एवढीशी. पण समोरचा जीव पाणी मागत होता. तिने त्याचे डोके मांडीवर घेतले आणि त्याला पोटभर पाजले. घागर रिकामी झाली असेल असे समजून ती उठली, पण ती उचलताना पूर्वीइतकीच जड लागली.

मग तिने चौथऱ्यावर पाणी ओतायला सुरुवात केली. ओतत राहिली आणि पाणी येत राहिले. वाफेने काही दिसेना. त्या वाफेतून एक आवाज आला. फार दिवस न बोललेल्या माणसासारखा.

"हे पाणी कुठलं?"

"पैलवाडीच्या विहिरीचं," ती म्हणाली.

ती पाणी ओतत राहिली. मग तो आवाज म्हणाला, "तिथं आता कोण राहतं?"

"आमी राहतो. वाडी पुन्ना बांधलीया."

त्यानंतर कोणीतरी रडल्यासारखा आवाज आला, असे ती सांगे. लहान मूल रडते तसा. चौथऱ्याचा लाल रंग हळूहळू उतरला, काळा झाला, मग साध्या दगडासारखा झाला. डबीतले भस्म गार पडले. बाहेर शिळावीर होता तिथेच कलंडला आणि डोंगरातल्या इतर धोंड्यांसारखा एक धोंडा होऊन राहिला.

"तू त्याला क्षमा केलीस का गं?" असे पुढे लोकांनी तिला पुष्कळदा विचारले. ती म्हणे, "ते मला कळलं न्हाई. मी पानी घालत ऱ्हायले."

गुहेतली आग विझली, तरी उतारावरचे गवत पेटलेलेच होते आणि जाळ वाघझिऱ्याच्या घरांकडे सरकत होता. गावात एकच पळापळ झाली. डोहावरचे पहारेकरी आपापल्या घरांकडे धावले, आणि डोह मोकळा पडला. पैलवाडीचे लोक तिथेच बसलेले होते. त्यांना हंडे भरून घेऊन जाता आले असते, कोणी अडवणारे नव्हते. त्यांनी हंडे भरले. म्हाताऱ्या पाटलाने वरच्या जाळाकडे पाहिले. आगीत वाडी कशी जाते, हे त्या लोकांनी आज्यापणज्यांच्या तोंडून ऐकले होते. पाटील हंडा घेऊन डोंगराकडे वळला आणि त्याच्यामागे सगळे वळले. बायका-पुरुषांनी रांग धरली, डोहापासून उतारापर्यंत पाणी चढवले आणि वाघझिऱ्याच्या पहिल्या घराअलीकडे आग विझवली. त्यांनी आपल्या मुलांसाठी आणलेले हंडे दिवस मावळेपर्यंत त्या गवतावर रिते होत होते.

धुरपाबाई गुहेतून बाहेर आली, तेव्हा महाराज हैबतरावांपाशी बसले होते. तिच्या चेहऱ्याकडे पाहूनच महाराजांनी मान खाली घातली.

हैबतरावांनी हातांवर जोर देऊन उठण्याचा प्रयत्न केला. "आहे ना तो?"

तिने डोक्यावरचे कांबळे काढून महाराजांच्या हातात दिले.

"बाई, मी विचारतोय. आहे ना माझा रंगोजी?"

"गेला, सरकार," ती म्हणाली. "माझ्या मांडीवर गेला."

हैबतराव महाराजांकडे वळले. त्यांनी महाराजांचे पाय दोन्ही हातांनी धरले. "महाराज, तुमच्या हातात आहे. आग विझली, धोंडा पडला. एवढं झालं, तर आणखी एवढंच. मी काहीही देतो. पद सोडतो. त्याला उठवा."

"ते माझ्या हातात नाही, हैबतराव," महाराज म्हणाले. "असतं तर तुम्हाला मागावं लागलं नसतं. दुपारी तुमच्यामागे मी लगेच वर यायला हवं होतं. मला वाटलं, शिळावीर तुम्हाला अडवील आणि तुम्ही परत याल. रंगोजी जाईल हे माझ्या ध्यानात आलं नाही. तुमच्याएवढाच मीही चुकलो आहे."

"पण शिळावीराने त्याला सोडलं कसं?" हैबतराव पुन्हा पुन्हा तेच विचारू लागले. "पिढ्यान्‌पिढ्या कोणी आत गेलं नाही, मग त्यालाच का सोडलं?"

उत्तर देऊ नये असेच महाराजांच्या मनात असावे. पण खोटे त्यांना बोलता येत नव्हते.

"त्याच्या मनात डबीचा लोभ नव्हता," ते म्हणाले. "तुमच्यावरचा विश्वास होता. विश्वासाला अडवायची आज्ञा त्या दगडाला नव्हती."

खालून पैलवाडीच्या लोकांचे आवाज येत होते, हंडे एकमेकांवर आपटत होते. काही वेळाने हैबतराव धुरपाबाईला म्हणाले, "जाताना त्यानं माझं नाव घेतलं का?"

तिला हो म्हणता आले असते. तिने थोडा विचार केला. "न्हाई, सरकार. पानी मागितलं. मग म्हनला, खाली गाव वाचलं का. मी म्हनलं, वाचलं. तवा डोळे मिटले त्यानं."

"गाव तेव्हा वाचलं होतं?"

"मला ठावं नव्हतं," धुरपाबाई म्हणाली. "तरी म्हनलं."

तेव्हा हैबतराव मोडलेला पाय ओढत पुढे सरकले. ज्या माणसांशी बोलताना ते कधी घोड्यावरून उतरले नव्हते, त्यांतल्या एका शेळ्या राखणाऱ्या बाईच्या पायांशी त्यांनी जळक्या जमिनीवर कपाळ टेकले. महाराजांनी त्यांना आवरले नाही.

धुरपाबाई मागे सरकली. असे कोणी आपल्या पाया पडले तर काय करायचे, हे तिला माहीत नव्हते.

"उठा, सरकार," ती म्हणाली. "भुई अजून तापलेली हाय. कपाळ भाजंल."

हैबतराव उठले नाहीत. ती थोडा वेळ उभी राहिली. मग घागर खाली ठेवून त्यांच्याशेजारी बसली, आणि दुसऱ्या बाजूला महाराज येऊन बसले. रंगोजीला खाली न्यायला दोन्ही काठांची माणसे डोंगर चढून येईपर्यंत ते तिघे तसेच बसून होते.